तिरका रंगमंच

मी एक जुना रंगमंच आहे आणि मी तिरका आहे. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मित्रांनो, माझी मागची बाजू पुढच्यापेक्षा हातभर उंच आहे. मला घडवणारा सुतार काही झोपेत नव्हता. फळ्या ठोकण्याआधी तो नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसला होता. सगळ्यांत स्वस्त तिकीट काढणाऱ्यालाही नाचणारीची पावले दिसावीत, म्हणून त्याने मला उतार दिला. पाऊल टेकले की मी बोलायचो, उचलले की ऐकायचो. चाळीस वर्षे हेच केले.

पुढे नाटके थांबली, दाराला कुलूप लागले. मग एका बाईंनी इमारत घेऊन नाइटक्लब उघडला. झुंबरे आली, आरसे आले, मखमली कोच आले. शेवटच्या रांगेच्या जागी चकचकीत बार आला. माझ्या मागच्या भागात नाच आणि पुढे टेबले. पण ओला पेला ठेवला की तो घसरत थेट पाहुण्याच्या मांडीवर!

"हा म्हातारा स्वतःच पिऊन उभा आहे की काय?" मालकीणबाई कडाडल्या. "उखडा याला! सपाट काचेची जमीन करा."

सुतारकाका आले. पहिल्याच फळीत मी त्यांच्या करवतीचे दात मोडले.

"मेला हटून बसलाय," काका म्हणाले. "बाई, आधी डाव्या अर्ध्या भागावर पुढची बाजू उचलून सपाट फळ्या टाकतो. बघा, मग ठरवा."

दुपारी तालमीला क्लबची नर्तकी आली. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती सपाट भागावर नाचू लागली. बाई बारपाशी उभ्या होत्या.

"भिंगरे, पाय हलव की!"

"हलवतेच आहे, बाई! घामानं निथळतेय नुसती."

"मला गुडघ्याखाली काही दिसत नाहीये. ती पुढची कड आड येतेय."

"मग इकडे बघा!" म्हणत भिंगरीने माझ्या उघड्या, तिरक्या अंगावर उडी घेतली. टाच पडली, आणि मी पोटातून असा घुमलो, की झुंबराचे लोलक किणकिणले. तिची पावले थेट बारपर्यंत दिसली.

बाई काकांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "काका, दुसरी करवत आहे ना?"

"आहे की."

"मग त्या नव्या फळ्या काढा आणि टेबलांचे पाय कापा. चढाच्या बाजूचे."

आता पेले जागचे हलत नाहीत. मीही नाही.

मित्रांनो, कुणाला सरळ करायला निघालात, तर करवत जरा खाली ठेवा. शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि तिथून बघा. त्यानंतरही मी तिरका दिसलो, तर खुशाल या. मी इथेच आहे.