ब्रेक कुणी दाबला?

मी ट्रक बोलतोय. खरा नव्हे, फोटोतला. खरा मी केव्हाच भंगारात गेलो. उरलोय तो एवढाच, काळापांढरा आणि एका कोपऱ्यात वाळवीने चाखलेला.

पुलाचं काम चालू होतं तेव्हा मी खडी वाहायचो. तब्येत ठणठणीत, फक्त हँडब्रेक नावापुरता. उतारावर उभं केलं की मी हळूच निघायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण ड्रायव्हर माझ्याही वरताण. मी थांबलो रे थांबलो की चाकाखाली दगड! "बस आता गुमान," म्हणायचा.

पूल झाला आणि ठेकेदाराला फोटोची हुक्की आली. स्टिअरिंगवर स्वतःच बसणार म्हणे. त्याला धड सायकलही येत नव्हती.

"आधी तो दगड काढ. फोटोत वाईट दिसतो."

"मालक, गाडी नदीत जाईल."

"मग तू ब्रेक दाबून धर. पण दिसायचं नाही."

माझ्या केबिनचं दार तर कधीच गळून पडलेलं. ड्रायव्हर आत शिरला, ठेकेदाराच्या पायांशी ओणवा झाला आणि दोन्ही हातांनी ब्रेक दाबून राहिला. गवंडी, मजूर ओळीने उभे राहिले. फोटोग्राफरने काळ्या कापडात डोकं घातलं. तेवढ्यात मी बोटभर सरकलो. ठेकेदाराचे डोळे बघा, अजून पांढरे आहेत.

"त्या फोटोत मीपण आहे," ड्रायव्हर घरी सांगायचा.

"हो, आणि विमानात मी आहे," बायको म्हणायची. पुढे पोरंही हसायला लागली, मग नातवंडं. तोही हसायचा, पण त्याला ते लागायचं. आणि फोटो टांगलेला ठेकेदाराच्या ऑफिसात, दाखवणार कसा?

पन्नास वर्षांनी ऑफिस बंद झालं. ठेकेदाराच्या सुनेने आवराआवर करताना मला ड्रायव्हरच्या घरी आणून दिलं. सगळे माझ्याभोवती जमले. म्हाताऱ्याने चष्मा पुसून मला दोनदा पाहिलं. त्याला स्वतःची खूणही कुठेच सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खोडीची लाज वाटली.

नातीने मोबाइलवर माझा फोटो काढून मोठा केला. "आजोबा, केबिनमध्ये हे गाठोडं कसलं?"

आजीने मोबाइल ओढून घेतला. "गाठोडं कुठलं! उशीच्या अभ्र्याचा चौकड्यांचा तुकडा आहे हा. ह्यांच्या विजारीला मागून मीच लावला होता!" सगळे खो खो हसले. तिने मात्र मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "खरंच होतात की हो तुम्ही," म्हणाली.

 म्हाताऱ्याने मला कपाटावर उभं केलं, अंगणात जाऊन एक खडा आणला आणि माझ्या चौकटीखाली सारला.

"बस आता गुमान," म्हणाला.

बसलोय. खडा तेवढा कुणी काढू नका.