पुलावरची लाइन

लाइनमन पुलाच्या मधोमध गुडघे टेकून बसला होता. चार तास कुणी गोळी झाडणार नाही, असं दोन्ही सैन्यांनी लिहून दिलं होतं. लिहून घेणारी होती मधली बाई. ती दूरच्या कुठल्याशा देशातली; पण दोन वर्षं या काठावरून त्या काठावर हेलपाटे घालता घालता इथली भाषा शिकली, आणि लोकांनी तिचं नाव हेच पाडलं. दोन्ही सेनापतींना समोरासमोर बसवण्याआधी निदान फोनवर तरी बोलू द्या, असा तिचा हट्ट होता. दोघेही छातीला हात लावून सांगत होते की पाच वर्षांत एकमेकांशी अवाक्षर बोललेलो नाही. बोलणार कसे, पुलावरची केबल लढाईच्या पहिल्याच दिवशी उडाली. म्हणून आज ती जोडायची होती.

ही केबल लाइनमनच्या जिवाला लागलेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा याच पुलाखालच्या वाळूत दीड दिवस जखमी होऊन पडला होता. त्याला उचलून आणायला तासभर गोळीबार थांबला असता तरी पुरलं असतं. बाप हात जोडून अधिकाऱ्यासमोर उभा राहिला. अधिकारी म्हणाला, समोरच्यांना विचारायचं कसं, लाइन नाही, हे तुम्हाला का सांगायला हवं. मी जाऊन जोडतो असं बाप म्हणाला, तर त्याला पुलाकडे फिरकू दिलं नाही. शेवटी घरी येऊन त्यानेच बायकोची समजूत घातली की केबल तुटल्यावर आवाज पलीकडे जात नाही, तिथे कुणाचा इलाज चालत नाही. टेलिफोन खात्यात बावीस वर्षं काढलेल्या नवऱ्याचं तिला पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा गेला.

आजचं काम खरं तर काठावरच्या नव्या पेटीतूनच करायचं, असं वरून ठरलं होतं. पण पुलाच्या मधल्या जुन्या पेटीतला जोड तपासल्याशिवाय पुढे जाईल तो लाइनमन कसला. साहेब लोकांना जोड म्हणजे काय ते ठाऊक नसतं, हे एक बरं असतं. झाकण गंजून बसलं असेल म्हणून त्याने हातोडी आणली होती, पण ते बोटानेच उघडलं. बिजागरीला कुणीतरी तेल घातलं होतं. आत तारांच्या दोनशे जोड्या जळून, तुटून लोंबत होत्या. एक जोडी मात्र नीट पिळून जोडलेली, आणि तिच्यावर नवीकोरी टेप. त्याने कमरेचा तपासणीचा फोन काढला, चिमटे त्या तारांना लावले आणि कानाला धरला.

“गुडघा कसा आहे आता?” एकजण विचारत होता.

“थंडीत धरतो. पण तुम्ही पाठवलेलं मलम चांगलंय.”

पहिला आवाज इकडच्या सेनापतीचा, रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवरून रक्ताच्या शेवटच्या थेंबाची भाषा करायचा. दुसरा पलीकडच्या रेडिओवरचा. तो ऐकायला बंदी होती, म्हणून घरोघरी ऐकला जायचा. दोघे व्याह्यांसारखे निवांत बोलत होते. गुडघ्यावरून गाडी पाण्याच्या टाकीवर आली. तिच्यावर कुणीही तोफ डागायची नाही, नेहमीप्रमाणे. मग आजच्या कामाचा विषय निघाला, तेव्हा दुसरा हसला. म्हणाला, नवी लाइन झाली की ही काढून टाकू, कुणाला कळतंय.

लाइनमनच्या पायाखालचा पूल सरकला. कानावर विश्वास बसेना, आणि कान तर त्याचेच होते. लाइन होती. मुलगा खाली वाळूत पाणी मागत होता तेव्हाही होती. फोन काही कानावेगळा करता येईना.

मधली बाई जवळ आली, त्याचा चेहरा बघून काही न विचारता तिने फोन घेतला. ऐकता ऐकता ती त्याच्या शेजारी खाली बसली. दोन वर्षं ती या दोघांचे निरोप लांबच्या वाटेने, तीन-तीन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून पोचवत होती. लाइनमनने तिला मुलाचं सगळं सांगितलं.

“आत्ता काठावर जाऊन ओरडलो तर?” त्याने विचारलं.

“तर दोन्हीकडची पोरं या दोघांना फाडून खातील. तो तुमचा हक्क आहे, मी आड येणार नाही. या पुलाखाली माझं कुणी पडलं नव्हतं. पण मग सही कुणाची घेऊ? यांच्या जागी दहा उभे राहतील, आणि त्या दहांना एकमेकांचा फोन नंबरही माहीत नसेल. वरच्या बंधाऱ्याशी कालपासून जखमी पडलेत. दोन्हीकडचे.”

त्याने खालच्या वाळूकडे पाहिलं. संताप इतका होता की रडूही येईना. मग बाईने हळूच विचारलं, या लाइनवर तिसरा फोन बसतो का. बसतो, तो म्हणाला, आणि पिशवीतून पक्कड आणि एक सुटा फोन काढला. दहा मिनिटांचं काम. त्याने ते नेहमीसारखं चोख केलं, याचीच त्याला नंतर लाज वाटली.

दोघांच्या गप्पा अजून चालूच होत्या. बाईने फोन उचलला. “नमस्कार,” ती म्हणाली. “मी मधली बाई. आजपासून या लाइनवर आपण तिघं. आधी बंधाऱ्यावरच्या जखमींचं बोलू.”

तिकडे दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नाही. त्या दुपारी बंधाऱ्यावरून एकोणीस जण उचलले गेले, आणि अकराव्या दिवशी सह्या झाल्या.

सह्यांच्या संध्याकाळी इकडचा सेनापती रेडिओवर बोलला. तुटलेली लाइन जिवावर उदार होऊन जोडणाऱ्या लाइनमनचे त्याने देशाच्या वतीने आभार मानले. गल्लीत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. लाइनमनच्या बायकोने रेडिओ बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

“अहो, चार तासांत झालं काम. मग तेव्हा नसतं का हो जमलं?”

तह अजून एका दिवसाचाही नव्हता. भिंती पातळ होत्या आणि पलीकडे माणसं हसत होती.

“नाही,” तो म्हणाला. “तेव्हा पार तुटली होती.”

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “मग तुम्ही कशाला जिवाला लावून घेता,” ती म्हणाली. “तुम्ही आणि साहेबांनी तरी काय करायचं होतं.”