डिलीटच्या बटणावरचं बोट

मित्रांनो, थांबा, आधी मला सांगून टाकू द्या, मग तुम्ही बोला! मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पोटात सीडीचा कप्पा आहे आणि हल्लीची पोरं तो बघून विचारतात, "यात चहाचा कप ठेवायचा का?"

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते नाशिकला, एका सायबर कॅफेत. काय दिवस होते! दहावीच्या निकालाला पोरं एकमेकांच्या खांद्यावरून माझ्यात डोकवायची. पण तिथंच मला एक खोड लागली, संशय घ्यायची. तिथं जो यायचा तो आधी मागे वळून बघायचा, मगच पासवर्ड टाकायचा. रोज तेच बघून मीही तसाच झालो.

पुढे कॅफे बंद पडला आणि तेजलच्या बाबांनी मला पेठ रोडवरच्या त्यांच्या घरी आणलं. तेजल माझ्यावर शिकली, मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि मग मोबाइल आला. झालं! माझ्यावर ओले टॉवेल वाळायला लागले. तरी मी गप्प होतो, कारण माझ्या पोटात एक अशी गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

तेजलचे आजोबा चिमाजी पेठच्या डोंगरातले. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव बसला की गावात पावरी त्यांचीच. वाळक्या भोपळ्याला नळ्या जोडायच्या, पुढे शिंग, आणि गाल फुगवून वाजवत राहायचं. तिच्यावरच सगळे नाचतात. तेजलने त्यांचं वाजवणं मोबाइलवर घेतलं आणि माझ्यात उतरवलं. नंतर तो मोबाइल बदलला. नंतर आजोबा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांचे दातही गेले. कवळी लावून एकदा त्यांनी फुंकून बघितलं, तर सुराच्या आधी कवळीच बाहेर आली! सगळे हसले. आजोबाही हसले, पण पावरी त्यांनी खुंटीला टांगली ती टांगलीच.

म्हणजे बघा, ती वाजवण्याची चाल आता फक्त माझ्यात! आणि गावचा मल्हारी ती शिकायला येणार होता, कारण यंदा त्याला वाजवायचं होतं.

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला. तेजलने मला चालू केलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि मला जाणवलं, कुणीतरी माझं डिलीटचं बटण दाबून धरलंय. आता आमच्यात असं आहे, की सुरू होताना ते बटण दाबलं तर मी पुढे जातच नाही, सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन बसतो. मी बसलो. तिने बंद करून परत चालू केलं. बोट तिथंच! बटणावर कोण आहे ते मला दिसत नाही हो, नुसतं दाबलेलं कळतं. कोण होतं ते? आणि सगळी बटणं सोडून डिलीटच का?

तेजलची आई मोहिनी म्हणाली, "दुकानात नेऊ या. पण थांब, तिथं आतले पार्ट बदलतात म्हणे." आणि माझं झाकण उघडून तिने आतल्या सगळ्याला गुलाबी नेलपॉलिशचे ठिपके लावले.

दुकानात लखन नावाचा पोरगा होता. आत बघून तो हसतच सुटला. "काकू, याला लग्नाला न्यायचंय का?"

"खूण असलेली बरी."

"अहो, याचे पार्ट चोरून मी लावू कशाला? पाटा-वरवंट्याला?"

मी त्याच्यावरही नजर ठेवून होतो, गोड बोलणारे मला चालत नाहीत. पण त्याने त्याचा स्क्रीन, त्याचा कीबोर्ड जोडला, आणि मी सुरू! एकदम सुरळीत. बोट गायब!

घरी आलो. परत बोट.

"बघितलंस?" मोहिनी म्हणाली. "मुद्दाम काहीतरी करून ठेवलंय त्याने. परत यावं म्हणून."

परत दुकानात नेलं, परत मी सुरू. आता लखनच वैतागला. "घरी नेऊन करता काय तुम्ही याला? परत आलात तर सरळ फॉरमॅटच मारतो."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसायचं, मित्रांनो! सगळं! माझा तर पंखाच अडखळला.

म्हणजे बोटवाला घरातच होता. मला मल्हारीचा संशय. घोळ झाला त्याच सकाळी तो मुक्कामाला आलेला होता, आणि चाल पुसली गेली तर त्याला हवं तसं वाजवता आलं असतं ना? मोहिनीही त्याच्याकडे तिरकं बघत होती. आणि तेजल? तिने आजोबांकडे बघितलं.

"आजा, खरं सांग. तू हात लावलास का याला?"

आजोबा पलंगावर बसले होते.

"माझं तोंड गेलं पोरी," ते म्हणाले. "आता हात पण चोर झालं का?"

आणि ते उठून गॅलरीत जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेजलने लखनला घरीच बोलावलं. तो तणतणत आला, मला चालू केलं, निळं पान बघितलं. मग म्हणाला, "दुकानात तुम्ही नुसता डबा आणता ना? कीबोर्ड घरीच राहतो. दाखवा तो." त्याने कीबोर्ड उलटा केला आणि तळहातावर दोन-चार फटके दिले.

टपटप तांदळाचे दाणे पडले. कुंकवाने लाल झालेले. अक्षता!

सगळे मोहिनीकडे बघायला लागले. तिने तोंडाला पदर लावला.

"दसऱ्याला पूजा केली होती," ती म्हणाली. "मिक्सरची केली, मोटरसायकलची केली, मग याला कसं सोडू?"

"डिलीटखाली दाणा अडकला होता, काकू. बटण वर येतच नव्हतं," लखन म्हणाला. "पुढच्या वर्षी नुसती उदबत्ती लावा. आणि तीही लांबून!"

मी कुणाकुणाचा संशय घेतला होता! बोट नव्हतंच, मोहिनीने माया करून वाहिलेला दाणा होता.

तेजल गॅलरीत गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण आजोबांचा हात धरून ती आत आली, माझ्यासमोरची खुर्ची त्यांना दिली, आणि मग तिने ती चाल लावली.

पावरी वाजायला लागली. आजोबा हलले नाहीत. मल्हारीने स्वतःची पावरी काढली आणि माझ्या मागोमाग वाजवायला लागला. हुशार पोरगा, सगळं बरोब्बर उचलत होता. एका जागी मी क्षणभर थांबलो. तोही थांबला. परत लावलं. मी थांबलो, तोही थांबला.

"ए!" आजोबा ओरडले. "तिथं का थांबतो रं?"

"बाबा, तुम्हीच थांबला हाय ना. मी तसंच वाजवतो."

"आरं, तवा मी खोकला दाबत होतो! माझा खोकला वाजवतो व्हय देवाम्होरं?"

लखन तर हसून जमिनीवरच बसला. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि मल्हारीच्या गुडघ्यावर हाताने ठेका धरला. "थांबायचं नाय. वारा गालात राखायचा. गाल आता पोकळ झालं माझं, पण तुला दावतो. आसं."

मग तेजलने मला बंद केलं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. ते दोघं चालूच होते.

मित्रांनो, मला जे दिलं ते मी जसंच्या तसं ठेवतो. खोकलासुद्धा. पण त्यातला खोकला कुठला आणि चाल कुठली, ते मला काय कळणार? तुमच्या घरातही कुणाला असं काही येत असेल, तर ते माझ्यासारख्यात जरूर भरून ठेवा. दोन-तीन ठिकाणी ठेवा, माझा काय भरवसा! पण ते माणूस आहे तोवर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि घरात काही बिघडलं, तर त्याच्याकडे संशयाने बघायच्या आधी, तेवढा कीबोर्ड एकदा उलटा करून झटका.