बिनपायांची अक्षरं

तिने संगणकावर फाइलच्या सुरुवातीला आज्ञेची एक ओळ वाढवली आणि चारशे पानांचं पुस्तक पुन्हा जुळवायला लावलं. पडद्यावर सूचनांच्या ओळी भराभर सरकल्या, थांबल्या. तिने पहिलं सूत्र मोठं करून पाहिलं. एक्सच्या टोकांचे बारीक पाय गेले होते. अक्षर सरळ, साधं, सगळीकडे सारख्याच जाडीचं.

बाबांना अक्षरं हलताना दिसायला लागली म्हणून मजकूर तिने महिन्यापूर्वीच असा बिनपायांच्या, सॅन्स-सेरिफ फाँटमध्ये टाकला होता. पण या प्रणालीत गणिताचा फाँट वेगळा सांगावा लागतो. शब्द बदलले तरी सूत्रं जुन्याच कपड्यांत राहतात. वीस वर्षं अक्षरजुळणी करणाऱ्या बाईला हे ठाऊक नसावं असं नाही. बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिचं डोकंच जागेवर नव्हतं. बाबा शब्द वाचायचे, सूत्र आलं की पान उलटायचे, आणि त्यांचं गणितच गेलं असं ती धरून चालली होती.

पुस्तक बाबांचंच होतं. कॉलेजच्या कितीतरी तुकड्या त्यावर शिकल्या होत्या. आता नवी आवृत्ती निघायची होती आणि संपादकाने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: सरांनी शुक्रवारपर्यंत स्वतः प्रुफं तपासून सही दिली तर ठीक, नाहीतर पुस्तक एका प्राध्यापकाकडे जाईल. मुखपृष्ठावर आधी नावही त्या प्राध्यापकाचंच येईल.

छापायच्या आधी तिने एकेचाळिसाव्या पानावर एका वजाचा अधिक केला. प्रुफं वाचणारा जागा आहे की डुलक्या घेतोय हे बघायला एक चूक आपणच पेरायची, ही खोड तिला बाबांनीच लावली होती.

बाबांनी पहिलं पान खिडकीपाशी धरलं.

"दिसतंय?"

"दिसतंय. बोडकी झालीत सगळी." ते थांबले. "पण हलत नाहीत."

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही; महिनाभर चूक तिच्या फाँटची होती. ती आत गेली आणि धुतलेलीच भांडी परत धुऊ लागली.

तीन दिवस बाबा खिडकीशी बसून होते. उजवा हात मांडीवर पडलेला, लाल पेन्सिल डाव्यात. अधूनमधून ते एखादी ओळ पुटपुटत आणि तीच ओळ पुन्हा पुटपुटत. जेवायला तीनदा हाक मारावी लागे. आई होती तेव्हाही हीच तऱ्हा होती, आई रागवायची. आता मुलगी ताट झाकून ठेवत होती.

शुक्रवारी दुपारी गठ्ठा टेबलावर आला. स्वल्पविराम, सुटलेली जागा, चुकलेला कंस, सगळीकडे वाकड्यातिकड्या लाल खुणा. एकेचाळिसावं पान कोरं होतं.

तिने पेरलेला अधिक तसाच होता. मग तिने लाल पेन्सिल उचलली, डाव्या हातात धरली आणि समासात नेली.

"राहू दे," खुर्चीतून बाबा म्हणाले. "तो अधिक बघितला मी."

"मग खूण का नाही केलीत?"

"तू एक पेरणार हे माहीतच होतं. तोच हुडकत बसलो, म्हणून सापडला."

"सापडला ना? मग झालं तर. सही करा, बाबा."

"सतराव्या पानावरच्या तीन ओळी काल कितीदा तरी वाचल्या. अक्षर न् अक्षर दिसतंय. बरोबर आहेत की नाहीत, ते नाही कळत." त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून नीट ठेवला. "तू घातलेली एक मिळाली. तू न घातलेल्या किती सुटल्या, ते कुणाला विचारू? पोरं त्याच्यावर पेपर सोडवतात."

तिने गठ्ठ्यातून सतरावं पान काढलं. ओळी बरोबर आहेत की नाहीत, हे तिलाही सांगता येणार नव्हतं. ती फक्त जुळवायची.

फोन वाजला. संपादक होता.

"मॅडम, आज शुक्रवार. सरांचं झालं का तपासून?"

तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"हो," ती म्हणाली. "त्यांनी अगदी नीट तपासलंय. पुस्तक प्राध्यापकांकडे पाठवा."