चंपतकाकांनी फिरवलेला खटका

माझा राग फार टिकाऊ. चंपतकाकांवरचा तर सतरा वर्षं टिकला.

ते बाबांचे गिरणीतले मित्र. सगळ्या वस्तीत टेपरेकॉर्डर त्यांच्याकडेच, मोठ्या चकत्यांचा. आई जात्यावर बसली की तिच्या ओव्या त्यांनी त्यावर भरून घेतल्या होत्या. सहासष्ट साली आई गेली. सहा महिन्यांनी काका ते यंत्र आणि ती टेप घेऊन घरी आले. "मले ऐकवत नाही गा," म्हणत बाबा बाहेर निघून गेले. मी नऊ वर्षांची. मलाही गायचंय म्हणून हटून बसले, तर काकांनी त्याच टेपवर माझं गाणं भरलं. ते गेल्यावर मोठा भाऊ गोविंदा म्हणाला, "आईचा आवाज पुसला तुनं."

बाबांनी टेप ट्रंकेत टाकली. काका नोकरी सोडून बेसा गावी शेतावर राहायला गेले, तिथं त्यांचं यंत्रही बिघडून पडलं. आईची शेवटची ओवी माझ्या नावाची होती, असं सगळे सांगत. गोविंदाला त्याची ओवी पाठ होती, मला माझी एक ओळही आठवत नव्हती. मोठ्या माणसानं लहान पोरीला थांबवायला नको? काका सणावाराला आले की मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

त्र्याऐंशी साली बाबाही गेले. ट्रंकेतली टेप घेऊन मी शहरातल्या महाल भागात गिरिधर मेकॅनिककडे गेले. जुन्या टेपा तो कॅसेटवर उतरवून द्यायचा. शेवटाशी एखादी ओवी उरली असेल, एवढीच आशा.

त्याच्या यंत्राला दोन स्पीकर. डाव्यातून माझाच चिरका आवाज आला. मी "बंद करा" म्हणणार, तोच गिरिधर म्हणाला, "ताई, हे दुसरं कोण गाऊन राहिलं?"

त्यानं एक बटण फिरवलं. माझा आवाज गेला. उजवीकडून जात्याची घरघर आली आणि मग आई.

"या टेपवर चार पट्ट्या असतात," गिरिधर म्हणाला. "एकीवर तुमी, दुसरीवर ह्या बाई. मशीनचा खटका फिरवल्याबिगर असं होत नाही. कोन्या जाणत्या मानसानं मुद्दाम केलं."

शेवटची ओवी आली.

*सरत आलं दळण, सुपात पाच दाणे*
*सिंधू मह्या लेकीचे बोबडे बोबडे गाणे*

भर दुकानात मी ढसाढसा रडले. गिरिधरनं काही न विचारता पुन्हा लावलं. देव त्याचं भलं करो.

कॅसेट घेऊन मी तशीच बेस्याची वाट धरली. काका अंगणात बसले होते.

"खटका तुम्ही फिरवला होता?"

"मंग? तुह्या बापाले सांगतलंबी होतं. पण त्याचं ध्यान कुठी होतं तवा."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तू कुठी बोलत होती वं मह्यासंगं?"

खरंच होतं ते. तरी विचारलंच, "अन् मले थांबवलं काहून नाही?"

काका म्हणाले, "माय गेलेल्या पोरीले गाऊ नको कसं म्हनू?"

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. या माणसानं माझी आई जपली होती आणि मलाही. उठल्यावर काकूंना म्हटलं, आज चहा मी करते. एकही भांडं वाजू दिलं नाही.