वेठीची माणसं

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं प्रार्थनामंदिर हवं होतं. ते उभं करायचं काम जगन्नाथ हिवाळ्यांकडे आलं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. जालन्याहून आलेले हे इंजिनियर तीस वर्षं ह्यूस्टनच्या तेलकंपन्यांची बांधकामं करून निवृत्त झाले होते. शिवाय दर रविवारी बायबलचा वर्गही तेच घेत. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात वर्गाचा विषय होता शलमोन राजानं बांधलेलं मंदिर. दगड खाणीतच घडवून आणले, त्यामुळे मंदिराच्या जागी हातोड्याचा आवाज म्हणून झाला नाही, हे सांगताना ते रंगून जात.

"आपलं रोजचं कामही असंच हवं," ते म्हणत. "आधी तयारी, आणि एकदा तारीख दिली की ती पाळायची."

नवं मंदिर देवाला वाहण्याच्या अर्पणविधीची तारीख ऑगस्टचा शेवटचा रविवार ठरली होती. नगरहून पाळकसाहेब यायचे होते, त्यांचं तिकीटसुद्धा निघालं होतं. त्याआधीच्या गुरुवारी छपराची एक बाजू अजून उघडी होती आणि शुक्रवारी वादळी पाऊस सांगितला होता.

दुपारी एकला मुकादम रोद्रिगो शिडीवरून उतरला. "मिस्टर हिवाळे, उन्हानं वर उभं राहवत नाही. माणसं उतरायचं म्हणतायत. चारनंतर परत चढतो."

जगन्नाथरावांनी आकाशाकडे पाहिलं. "चारला चढलात तर अंधाराआधी होणार नाही. आजच संपवा. पाणी वर पाठवतो."

रोद्रिगो पुन्हा वर गेला.

अडीचच्या सुमाराला एर्नेस्तो नावाचा कामगार आपणहून खाली आला. भिंतीला टेकून बसला आणि समोर कुणी नसताना बोलायला लागला. जगन्नाथरावांनी त्याच्या कपाळाला हात लावला. कातडी तव्यासारखी तापली होती आणि घामाचा टिपूस नव्हता. त्यांनी त्याच्यावर पाणी ओतलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. शुक्रवारी सकाळी तो हॉस्पिटलमध्येच वारला. वय एकतीस.

जगन्नाथरावांच्या पत्नी शोभनाबाईंनी आयुष्यभर नर्सचं काम केलं होतं. नवऱ्याचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"अहो, तुम्ही महिनाभर शलमोन शिकवताय," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यानं लाकूड तोडायला वेठीला धरलेली माणसं होती, ते वर्गात कधी सांगितलंत का?"

"तो भाग आपण घेतला नाही."

"त्यांना एक महिना डोंगरात राबवायचा आणि दोन महिने घरी पाठवायचा. वेठीच्या माणसांनासुद्धा. तुम्ही तीन तास दिले नाहीत."

त्या दिवशी जगन्नाथराव जेवले नाहीत.

मंडळीनं अर्पणविधी दोन आठवडे पुढे ढकलला. मग सरकारी चौकशी सुरू झाली. छपराच्या ठेकेदारानं तिथं सांगितलं, माणसांना दुपारची सुट्टी दिली होती. मंडळीचे सेक्रेटरी मोहन भालेराव घरी आले.

"काका, तुम्ही व्हॉलंटियर होता. लायबिलिटी कॉन्ट्रॅक्टरची आहे. तुम्ही कशाला मध्ये पडता? मंडळीचं नाव पेपरात जाईल."

"मोहन, ती माणसं उतरायला आली होती. मीच परत चढवली."

"हे कुणाला माहीत आहे?"

"रोद्रिगोला आहे. आणि मला."

मोहन चहा अर्धा टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी जगन्नाथरावांनी जबाब दिला. त्या रविवारी त्यांनी वर्गातही उभं राहून तेच सांगितलं. पुढच्या रविवारपासून वर्ग दुसऱ्या कुणी घ्यावा असं ठरलं. ते त्यांना फोनवरून कळलं.

अर्पणविधीच्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. शोभनाबाई आत गेल्या. ते गाडी लावून येत होते, तेव्हा पार्किंगच्या कडेला एक माणूस उभा दिसला. चेहरा एर्नेस्तोचाच, फक्त वयानं थोरला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी त्याला लांबून पाहिलं होतं.

"त्याला वर कुणी पाठवलं, ते तुम्ही चौकशीच्या ऑफिसात सांगितलंत," तो माणूस तुटक इंग्रजीत म्हणाला. "रोद्रिगोनं मला सांगितलं."

"हो. मीच पाठवलं. माझी चूक होती."

त्यानं मान हलवली नाही की हात पुढे केला नाही. "माझ्या भावानं छपराचा कोणता भाग केला?"

जगन्नाथरावांनी बोट दाखवलं. डावी बाजू, कडेपासून जवळजवळ छपराच्या माथ्यापर्यंत. वरच्या दोन ओळी दुसऱ्यानं पुऱ्या केल्या होत्या, तेही त्यांनी सांगितलं.

तो माणूस बघत राहिला. आत पहिलं गीत सुरू झालं. ऊन डोक्यावर होतं, जवळ कुठे सावली नव्हती. जगन्नाथराव त्याच्या शेजारी उभे राहिले.

बऱ्याच वेळानं तो आपल्या ट्रककडे गेला आणि मागे न बघता निघाला. आत पाळकसाहेबांचं प्रवचन चालू झालं होतं. जगन्नाथराव दारापर्यंत गेले. आतल्या थंड हवेचा झोत अंगावर आला आणि त्यांना पाऊल पुढे टाकवेना. ते तसेच मागे फिरले आणि गाडीत जाऊन बसले.