रिसालदारीणबाईंचं घोडदळ

जुन्या लढायांचा गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत पायदळ त्याच्याकडे होतं आणि घोडदळ तिच्याकडे. म्हणून ऑफिसात सगळे तिला रिसालदारीणबाई म्हणत. कोणाची धडक किती जोराची, कोण किती लवकर दमतं, कोण कधी पळ काढतं, यावरून दोघांचं रोज वाजायचं.

"तुझे भालेवाले म्हणजे नुसतं कुंपण," ती म्हणायची.

"त्याच कुंपणात तुझी घोडी अडकतात," तो म्हणायचा.

मग तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि ती नोकरी सोडून लांब त्यांच्या गावी गेली. घोडदळ त्याच्या गळ्यात पडलं. तिची खुर्ची कोणीतरी मीटिंगच्या खोलीत नेली; त्याने ती गुपचूप परत आणून ठेवली.

चाचणीसाठी खेळणारे एकच तक्रार करू लागले. एखादा स्वार पडला की शेजारचा थांबतो, त्याला उचलून घोड्यावर घेतो, आणि अख्खी धडक फुकट जाते. स्वारांना हा गुण तिनेच दिलेला.

"काढून टाक," प्रमुखबाई म्हणाल्या.

त्याचा हात धजेना. त्याने तिला फोन लावला.

"काढ की. त्यात काय एवढं?" ती म्हणाली.

"धडक मारून परत फिरताना उचललं तर?"

"हे मला का रे सुचलं नाही?"

"परत कधी येतेस?"

"बाबांना कूस बदलायलासुद्धा मी लागते," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, म्हणून त्याला जास्त लागलं.

बदल प्रमुखबाईंना पटला. त्याने नवा गेम तिला पाठवला. रविवारी दुपारी वडिलांचा डोळा लागल्यावर दोघं आपापल्या घरून खेळायला बसले, फोन चालू ठेवून.

त्याने टेकडीखाली भालेवाले उभे केले. तिचे स्वार समोरच्या माळावर आले आणि थांबले.

"ये ना," तो म्हणाला.

"तू ये."

कोणीच हलेना. फोनवर तिच्याकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"घाबरलीस काय?"

"नाही रे," ती हळूच म्हणाली. "लढाई संपली की फोन ठेवावा लागेल."

त्याने भालेवाल्यांना खाली बसायचा हुकूम दिला.